आळिंबीच्या खोलीचा कायमचा पत्ता

आई,

पहिल्या गाडीनं अकोल्याला नोकरीवर रुजू व्हायला निघाले. तुला उठवलं नाही.

"माह्या हातानंच बिघडते ते," म्हणून तू आळिंबीच्या खोलीचं तापमान मोबाइलवर पाहणं सोडलंस. बिघडत काहीच नव्हतं. झोपताना तू राउटर बंद करतेस. सकाळी तो खोलीतल्या तापमान मोजणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला नवा पत्ता द्यायचा आणि तुझा मोबाइल जुनाच शोधत बसायचा. आता त्या कॉम्प्युटरला कायमचा पत्ता दिलाय, १९२.१६८.१.५०, तुझ्या मोबाइलमध्येही तोच टाकलाय. राउटर खुशाल बंद करत जा.

तापमान अठ्ठावीसच्या वर गेलं की खोलीत गारव्यासाठी टांगलेल्या पोत्यांवर पाणी शिंपड.

हा पत्ता फक्त घरच्या वायफायवर चालतो. अकोल्यात मला काहीच दिसणार नाही, म्हणून रोज दुपारी तूच पाहायचं आणि फोन करून मला आकडा सांगायचा.

रश्मी