कडक उपासवाली

सोमवार, २८ जुलै २०२५

श्रावणातला पहिला सोमवार, आणि मी पोहे खाल्ले! दोन वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टरीणबाईंचा हुकूम — उपास बिलकुल बंद, दर तीन तासांनी खायचं. आईनं देव्हाऱ्याकडं पाठ करून बशी पुढं सरकवली, जसं काही मी देवळाची दानपेटी फोडून राह्यले. अर्धी बशी संपवायला पाऊण तास लागला.

मंगळवार, २९ जुलै

आरशावर टॉवेल टाकला. मंग मोबाईलच्या काळ्या काचेत बघत बसले. हुशार पोरगी.

गुरुवार, ३१ जुलै

कंपनीत जेवणाच्या सुट्टीत आम्ही बियाणं निवडणाऱ्या बाया गोल बसतो, डबे मधी. मी आज गोडाऊनमागं जाऊन चपाती खाल्ली. आधी खात न्हाई म्हणून लपायचे, आता खाते म्हणून. प्रगती आहे.

खरं लिहायचं तर — सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, ह्यातला एकबी उपास देवाचा नव्हता. मला जेवायचीच भीती वाटायची. "उपास आहे" म्हणलं की कोणी आग्रह करत न्हाई, उलट कौतुक! आमच्यातल्या सगळ्यात जुन्या जयवंताबाई, त्यांनी तर पोराच्या परीक्षेसाठी माझ्या हातून नारळ फोडून घेतला. पोरगं नापास झालं. तरी माझ्यावरचा विश्वास काही हलला न्हाई.

शनिवार, २ ऑगस्ट

डॉक्टरीणबाई म्हणल्या, "आजार सोडून तू कोण, ते लिहून आण." लिहिलं — मोनाली. पुढं अर्धा तास पेनचं टोपण चावलं. (ते खाण्यात धरत नाहीत. विचारलं मी.)

कडक उपासवाली, एवढीच माझी ओळख, अन् तीबी खोटी. बायांना खरं सांगितलं तर माझ्याकडं उरतं काय? ह्याची चेष्टा करता येईना. लई भीती वाटते.

बुधवार, ६ ऑगस्ट

वरण-भात. पूर्ण. नंतर रडले. आई म्हणाली, "मीठ कमी पडलं का?"

सोमवार, ११ ऑगस्ट

गेल्या महिन्यात कामावर लागलेली पायल आज डबा न उघडताच बसली. "उपास आहे. मोनालीताईसारखा कडक, साबुदाणाबी न्हाई." बाया कौतुकानं बघायला लागल्या. तिनं डबा पिशवीत ढकलला, पार तळाला. मी तस्साच ढकलायचे.

मी माझा डबा सगळ्यांच्या मधी ठेवून उघडला. म्हणलं, माझे उपास देवाचे नव्हते. मला जेवायची भीती वाटायची, तो आजार होता. अजून आहे.

पायल खाली बघत होती. मंग तिनं हळूच विचारलं, "ताई, तुमच्या डॉक्टरीणबाई कुठं बसतात?"