माझं नाव काही पडेना

१४ ऑक्टोबर, थेस्सालोनिकी

पहिल्याच दिवशी शोभा! वार्दारिस वारा असा सुटला की वर्गाच्या दारातच छत्री उलटी झाली. मी तिच्याशी झटापट करत थेट सगळ्यांसमोर. खुणांची भाषा शिकवणारे स्टामाटिस सर स्वतः कर्णबधिर — त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे हात वर करून हलवले. मला वाटलं, टाटा करतायत. मीही टाटा केलं आणि परत निघाले.

आई फोनवर : "तोंडाने कुणाला बोलू देत नाहीस, आता हातांनीही?"

२ नोव्हेंबर

इथे माणसाला खुणेचं नाव पडतं. ते कर्णबधिरांनीच द्यायचं, आपण मागायचं नाही. मिळालं की तुम्ही त्यांच्यातले. वर्गातल्या लेफ्तेरिसला आज मिळालं — कानाची पाळी ओढायची. खूश आहे गाढव. माझं 'पोलिक्सेनी' मात्र बोटांनी एकेक अक्षर. संपेपर्यंत समोरच्याची कॉफी गार.

२५ नोव्हेंबर

सरांच्या बायको आरेतीबाई — त्याही कर्णबधिर — आमच्याशी गप्पांचा सराव करायला येतात. मला पाहिलं की दोन्ही हात जुळवून फाडकन वर उघडतात. वादळ! मी खिडकीबाहेर बघून खुणेने सांगते, "नाही, आज ऊन आहे." त्या हसून हसून बेजार. या लोकांना हवापाण्याच्या गप्पा भारी आवडतात.

१२ जानेवारी

आज सरांनीही वादळाचं विचारलं. ऊन सांगितलं.

३ मार्च

रडले. नवी मुलगी परवा आली, आज तिला नाव. माझंच घोडं कुठे अडलंय? चेहरा हलत नाही म्हणून असेल. प्रश्न भुवयांनी विचारायचा असतो, आणि सर म्हणतात, "तुझे हात विचारतायत, भुवया झोपल्यात."

२० मे

परीक्षा. सर खुणांनी गोष्ट सांगणार, मी ती परीक्षकांना तोंडी सांगायची. सगळं कळलं! घडाघडा बोलले : "वादळ वर्गात आलं. वादळाला काही येत नव्हतं. आम्ही थकलो, वादळ थकलं नाही. वादळ गेलं तर वर्ग सुना वाटेल."

परीक्षक बाई खोकत बसल्या. हवामानावर एवढा जीव! सरांना विश्रांतीची गरज आहे.

२१ मे

नापास.

आरेतीबाईंनी समजावलं. ते वादळ नव्हतंच, उलटी झालेली छत्री होती. माझं नाव — पहिल्या दिवसापासून. त्या रोज मला हाक मारत होत्या आणि मी म्हणत होते, नाही, आज ऊन आहे.

सप्टेंबरात परत परीक्षा. छत्री बसणार आहे.