बर्फाचा नंबर

जोगेश्वरी पूर्व
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३ वाजून १० मिनिटे.
मावशीने हातावरची पट्टी आत्ताच बदलली. तिने उष्टी भांडी उचलली आणि मी लिहायला बसलो.

प्रिय क्लेटन,

देवेशचा नमस्कार. एडवर्डकाकांनाही सांग. स्ट्रॉने पेज जाते का? जबड्याला तार बांधली आहे, महिनाभर बोलता येणार नाही, असं तुझी फ्रेडा फोनवर म्हणाली. मी रत्नप्रभा मावशीकडे आहे, बरा आहे. अक्षर वाकडं आलंय, कारण डाव्या हाताने लिहितोय. उजव्याला थोडं लागलं. शुद्धलेखन मात्र तपासलंय, नाहीतर म्हणशील, "ऱ्हस्व-दीर्घाचा हवालदार सस्पेंड झाला."

मच्छीमार सोसायटीचा बर्फाचा कारखाना पुन्हा चालू झाला. शनिवारी कमिटीची मीटिंग आहे. तुला कामावरून काढायचं आणि तुझ्यावर चोरीची तक्रार करायची, असं ठरतंय. बापाच्या बोटीला पहिला बर्फ देता यावा म्हणून तू कॉम्प्युटर बंद पाडलास, असं जेटीवर सगळे म्हणतात. तू बोलत नाहीस, हाच त्यांचा पुरावा.

बर्फाच्या चिठ्ठ्यांवर बोटींची नावं फुटून यायची, आठवतं? 'दर्यालक्ष्मी'चे तुकडे व्हायचे आणि नाखवा मला शिव्या द्यायचा. नव्या प्रोग्रामला सगळ्या भाषांची अक्षरं सांभाळणारी नवी लायब्ररी, तो फायलींचा गठ्ठा, हवी होती. आपल्या जुन्या मशीनसाठी ती तयार मिळत नव्हती. तू म्हणालास, "सोर्स कोड उतरव आणि स्वतः बांध. पण वेगळ्या फोल्डरमध्ये टाक. जुनीला हात लावलास ना, वाट लागेल."

मी बांधली. स्क्रीनवर दुपारभर ओळी धावत होत्या आणि मी खुर्ची सोडली नाही. दहावी नापास माणसाने बांधलेलं काहीतरी उभं राहत होतं. इन्स्टॉल करताना वाटलं, आता वेगळी जागा कशाला? मुख्य जागीच टाकली. 'दर्यालक्ष्मी' अखंड छापून आलं.

मग जुन्या आणि नव्या फायली शेजारीशेजारी दिसल्या. एकाच गोष्टीच्या दोन प्रती मला बघवत नाहीत, तुला माहीत आहे. जुन्या काढून टाकल्या. कोणत्या बोटीला कितवा बर्फ, त्या नंबरांची नोंद त्यांच्यावरच उभी होती. मशीन चालू होतं तोवर काही कळलं नाही. शुक्रवारी सकाळी बंद करून लावलं, तर नोंद उघडेना.

बाहेर बोटी लागलेल्या, मासळी नरम पडत चाललेली. तू म्हणालास, "थांबा रे, नंबर मला पाठ आहेत." आणि पहिलं नाव घेतलंस ते एडवर्डकाकांच्या, तुझ्याच बापाच्या बोटीचं.

लवू तांडेलाने तुला कॉलर धरून बर्फ उतरवायच्या फळीवरून ओढलं. "बापाला पयला बरफ? आनी आमी दर्यात झक मारायला जातो काय?" तुझं डोकं बर्फाच्या लादीवर आपटलं. लादीवरून रक्त घसरत खाली आलं. कोणी पोटात लाथा घालत होतं, कोणी वल्ह्याच्या दांड्याने पाठ फोडत होतं. एडवर्डकाका मध्ये पडले, त्यांना दोघांनी उचलून जाळ्यांवर फेकलं. मग चेअरमन नानांनी हात वर केला.

"ए ऑपरेटर, तू सांग. कोनी बंद पाडला?"

मी म्हणालो, "पासवर्ड क्लेटनकडे असतो."

हे खोटं नव्हतं. तो तू मला दिला होतास, एवढंच गाळलं.

फ्रेडाला वाटतं, मी लवूच्या हातून दांडा हिसकावला तो तुला सोडवायला. काल फोनवर रडत म्हणाली, "तू एकटाच मध्ये पडलास रे." तिने पोलिसांत लवूचं आणि नानांचं नाव दिलंय. माझं नाही.

क्लेटन, दांडा मी हिसकावला नाही. लवूने दिला. "तुझी पन नोकरी घालवत होता ना? मग मार." तू खालून माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही, मशीन अडलं की पाहतोस तसं. तोंडातलं रक्त थुंकलंस आणि म्हणालास, "देव्या, जुन्या फायली तू..."

वाक्य पुरं व्हायच्या आत मी तोंडावर मारलं. बाकीचे रागाने मारत होते. मी तू गप्प व्हावास म्हणून मारलं. हाड मोडलेलं मला मनगटात कळलं.

रविवारी जुनी लायब्ररी परत टाकली. नोंद उघडली. पहिला नंबर एडवर्डकाकांचाच होता. काल तो कागद छापून जेटीवर नेला आणि नानांना सगळं सांगितलं. नानांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "आता तो चोर नाय, तर आमी कोन?"

लवूने कागद फाडला. माझा उजवा हात फळीवर दाबून धरायला लावला आणि वरून बर्फाची लादी सोडली. "आता छाप." डॉक्टर म्हणतात, दोन बोटं वाकणार नाहीत. मी हात मागे घेतला नाही, असं लिहायचा मोह झाला होता. दोघांनी धरला होता.

पाकिटात नोंदीची दुसरी प्रत आहे. पत्र वाचून फ्रेडाला दे. शनिवारच्या आधी तिने दोन्ही कागद पोलिसांना द्यावेत. मी आत्ताच पोलीस स्टेशनला निघतोय, माझं नाव घालायला. मावशी दारात उभी आहे. म्हणते, "त्यांनी जबरदस्ती केली म्हण की रे, अर्धं खरंच आहे." उरलेलं अर्धं मी सांगणार आहे.

मला भेटायला येऊ नकोस. आलास तर बोलता यायला लागल्यावर ये, आणि ते वाक्य पुरं कर.

तुझ्यावर हात उचललेला,
देवेश

माझा दवाखाना, एक्स-रे, पट्ट्या: २,४०० (मावशीने दिले)
रिक्षा: १८०
तुझ्या ऑपरेशनचं बिल, फ्रेडाने सांगितलेलं: १,४५,०००
त्यापैकी परवा फ्रेडाला पाठवले: ३१,०००. खात्यात तेवढेच होते. "देव तुझं भलं करो," असं तिचं उत्तर आलं. तिला ती मदत वाटली. तिला सांग, ती मदत नव्हती.
देणं बाकी: १,१४,०००