पत्त्यावर मिळून आला नाही

२ नोव्हेंबर

परत तेच! आई म्हणते, तिथेच राहा, कोर्टाच्या भानगडीत पडू नको. अगं, भानगडीत मी पडलो नाही, भानगड माझ्यासमोर झाली! शीळफाट्याच्या पंपावर मी कामाला, चाकात हवा भरत होतो, दहा पावलांवर. शेठने पेट्रोलचा नोझल उचलला आणि पेट्रोल भरणाऱ्या उत्तमकाकांच्या तोंडावर हाणला. का? तर काका म्हणाले, शेठ, आधी लाईनीतल्या गाड्या. एवढंच. उजवा डोळा गेला.

आई म्हणे, तू सांगून डोळा परत येणार आहे का.

फोन ठेवून दिला. इथे पाण्याच्या टँकरवर चढलं तरच रेंज. चढायचं आणि भांडायचं!

४ नोव्हेंबर

कच्छात ऊन चढायच्या आत सोलरच्या काचा पुसायच्या. संपतच नाहीत. हात चालतो, डोकं चौकीत जातं.

त्या दिवशी शेठ आला तर साहेबांनी स्वतः खुर्ची सरकवली. चहा. एका हवालदाराने त्याच्यासोबत सेल्फी घेतला. शेठचा शर्यतीचा बैल झुंबर, त्याचे लाखाने फॉलोअर, म्हणून शेठ पण हिरो. काका बाकड्यावर, डोळ्यावर टॉवेल. त्यांना पहिला प्रश्न — किती घेतलीस? बावीस वर्षं पंपावर, गळ्यात माळ!

माझा जबाब सगळ्यात शेवटी. नक्की शेठच होते का, असं तीनदा विचारलं. म्हटलं, साहेब, प्रत्येक बॅनरवर तेच तोंड आहे, चुकेन कसा.

मग शेठच्या छातीत दुखलं. दवाखान्यात एसी रूम. दुसऱ्या दिवशी जामीन, तिसऱ्या दिवशी शर्यतीत गुलाल. पंपाचा कॅमेरा नेमका बंद होता म्हणे. लाईनीतल्या गाडीवाल्यांनी पण काही बघितलं नाही म्हणे. म्हणजे बघणारा मी एकटा.

७ नोव्हेंबर

अक्षदाचा फोन. उत्तमकाकांची मुलगी, नर्सिंग शिकते. विचारते, साईनाथदादा, तुला समन्स आलं नाही का? कोर्टात कागद आलाय — साक्षीदार दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही. पुढची तारीख वीस. तेव्हा पण नाही आलास तर तुझ्याशिवाय केस चालेल.

मिळून आला नाही! मानपाड्याच्या खोलीत आई दिवसभर असते. कोणी आलंच नाही. शेजारी मोबाईल चोरीला गेलेला तेव्हा पोलिसांनी मला अर्ध्या तासात शोधून नेलेलं. न्हाव्याच्या खुर्चीवरून! अर्धी दाढी राहिलेली.

८ नोव्हेंबर

जाणार. ठरलं.

९ नोव्हेंबर

मुकादमाला सांगितलं, हिशोब करा, उचल कापून घ्या. आमच्या गल्लीतल्या मितेशदादाने मला इथे कामाला लावलं तेव्हा आईच्या खात्यात पंचवीस हजार उचल टाकलेली. त्यातून घरावरचे पत्रे बदलले.

मुकादम बघत राहिला. ‘कौन सी उचल? हमने तो एक रुपया नहीं दिया.’

मग दिले कोणी?

१२ नोव्हेंबर

आईला बँकेत पाठवलं, पासबुक भरून आणलं. अक्षदाने वाचून दाखवलं. पैसे टाकणाऱ्याचं नाव — झुंबर ग्रुप.

आणि मी त्या मितेशच्या पाया पडलेलो! कल्याण स्टेशनवर, सगळ्यांदेखत! वाटलेलं, सातवी नापासला कोण एवढी चांगली नोकरी देतं. नोकरी कसली. कोर्टापासून लांब नेऊन ठेवला मला.

अक्षदाने सरकारी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, येऊ दे त्याला, पण समोरचा वकील पहिलं हेच काढेल — पैसे खाल्ले, वाढवून मागितले, मिळाले नाहीत म्हणून बोलतोय. तारखेच्या आधी त्याने पूर्ण परत करावेत, नाव दिसेल असे. आणि कोर्टात स्वतःच सांगावं.

काकांची केस माझ्या तोंडावर, आणि माझ्या तोंडात शेठचे पैसे.

१३ नोव्हेंबर

आईला विचारलं, तुला माहीत होतं?

हो म्हणाली. मग सांगितलं. जबाबानंतर शेठची पोरं रोज दारात बुलेट घुमवायची. मी पंपावर असताना. मला बोलली नाही.

‘मला तुझा डोळा फुटलेला बघायचा नव्हता, साई.’

आता हिच्याशी भांडू कसा? मग म्हटलं, आई, माझे डोळे शाबूत आहेत, म्हणूनच तर मला इथे ठेवलाय.

१५ नोव्हेंबर

मितेशचा फोन. कळलं त्याला. आधी गोड — भावा, सुपरवायझर करतो, पगार वाढवतो. नको म्हटलं. मग आवाज बदलला. शेठ असल्या गोष्टी विसरत नाही म्हणे.

म्हटलं, दादा, मी पण नाही विसरत. सातवीत गणितात नापास झालेलो, पाठांतरात नाही.

फोन ठेवल्यावर टँकरची शिडी दोन्ही हातांनी धरून उतरलो. ते त्याला थोडंच दिसलं!

१६ नोव्हेंबर

महिना अर्धा सोडतो म्हणून मुकादमाने कापलेच. हातात एकवीस हजार पाचशे. साडेतीन कमी. अक्षदा म्हणाली, मी देते. म्हटलं, वेडी आहेस का, मग तुमचे पैसे खाल्ले म्हणतील.

१७ नोव्हेंबर

साडेतीन हजार आले. आईचे, भिशीतले. शेजारच्या पोरीकडून मेसेज लिहून घेतलाय — जेवून निघ.

१८ नोव्हेंबर

भुज स्टेशन. झुंबर ग्रुपचा नंबर शोधावा लागला नाही, बॅनरवरच आहे. अक्षदाने फोटो पाठवला. पैसे पाठवताना खाली लिहायला जागा असते. लिहिलं — साक्षीदार मिळून आला. परवा अकरा वाजता, कल्याण कोर्ट.

रक्कम : पंचवीस हजार.