आठवड्याचे नव्वद किलोमीटर

आबा, या आठवड्यात मी सत्तर किलोमीटर पळाले, सत्तेचाळिसाव्या वर्षी. तुम्ही असता तर विचारलं असतं, "कोण मागं लागलंय का?"

असले आकडे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आले ते दुष्काळात. मी कॉलेजच्या होस्टेलात होते. गावाकडं चारा उरला नव्हता म्हणून तुम्ही आणि माय मेंढरं घेऊन वैजापूरहून शहराच्या कडेला आला होता. इथं मंडईतला कोबीचा पाला तरी मिळत होता. हर्सूलचा तलाव आटून तळाला भेगा पडलेल्या, आणि त्याच्या पलीकडच्या रानात तुमचा मेंढरांचा वाडा, जाळी लावून केलेला. मला पळायला शिकवणाऱ्या आमच्या सरांनी सहा महिन्यांत मला आठवड्याला चाळीस किलोमीटरवरून नव्वदवर न्यायचं ठरवलं होतं. मला कुठला धीर? विद्यापीठाच्या संघात नाव आलं नाही तर होस्टेलची जागा जाणार होती. सरांना न सांगता मी संध्याकाळीही पळायला लागले आणि तिसऱ्याच आठवड्यात पंच्याहत्तर गाठले. डाव्या पायाची नडगी ठणकायला लागली, तरी मी पळतच राहिले.

त्या रविवारी सकाळी मी पळतच वाड्यावर आले. माय तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजतेय, तुम्ही एका मेंढीचा खूर तपासताय. मान वर न करताच तुम्ही म्हणालात, "डावा पाय राखून टाकतीस."

"नाय आबा."

तुम्ही मेंढी सोडलीत, मला दगडावर बसवलंत आणि अंगठ्यानं नडगी दाबत खाली आलात. एका जागी मी किंचाळलेच.

"मेंढरू बोलत नाय, म्हणून मला बघावं लागतं. तुला तोंड हाय ना?"

एवढंच बोललात. मी मात्र मायच्या पदरात तोंड खुपसून पोटभर रडले. दोन आठवडे पळणं बंद, वाड्यावरच राहायचं, असं तुम्ही ठरवून टाकलंत आणि सोमवारी माझ्यासोबत मैदानावर आलात. सर ट्रॅकसूटमध्ये, तुम्ही पटक्यात, दोघं लिंबाखाली बसलात. तुम्ही त्यांना सांगत होता, "कोकरं संगं असली की आम्ही तीन दिस चाल वाढवतो अन् चौथ्या दिशी कमी करतो. तवा ती गंगापूरच्या पुढं गोदावरीपतोर टिकतात." सर हसायलाच लागले. "आबा, तीन आठवडे वाढव, चौथ्याला कमी कर, हेच मी हिला सांगून दमलो!" मग दोघांनी मिळून मला झापलं.

त्यानंतर मात्र मजा होती, आबा. पाय भरत गेले तशी भूक वाढली. होस्टेलच्या मावशी कपाळावर हात मारून म्हणायच्या, "अगं, पोट हाय का रांजण?" अंघोळीला अर्धी बादली पाणी, अंगावर घामाचं मीठ, आणि तरी सकाळी कधी उजाडतंय असं व्हायचं. पहिल्यांदा नव्वद पुरे झाले त्या रविवारी तुम्ही रस्त्यावर वाट बघत उभे होता. शेवटचा तुकडा माझ्याबरोबर पळायचा म्हणून तुम्ही धोतर खोचलंत. तुम्ही पळालात म्हणून मेंढरं पळाली, मेंढरांमागं कुत्रं, आणि त्या सगळ्यांमागं ओरडत माय. मोटारसायकलवाले थांबून बघत होते. मला हसू आवरेना, पळणं तर जमेचना.

संघात माझी निवड झाली. स्पर्धेत तिसरी आले. तोवर पाऊस पडून तुम्ही गावाकडं परतला होता. मी पदक घेऊन आले, तर तुम्ही ते मायकडं दिलंत आणि आधी माझी नडगी दाबून बघितलीत.

आता त्या रानात प्लॉट पडलेत, तीन मजली घरं उभी राहिलीत. मी रोज तिथूनच जाते. हा कागद टाकायचा कुठं? बुटांच्या खोक्यात ठेवीन. पण एक राहिलंच. त्या सक्तीच्या विश्रांतीत, दहाव्या दिवशी, तुम्ही मंडईत पाला आणायला गेला होता ना, तेव्हा मी तलावाच्या कोरड्या तळातून पार पलीकडच्या काठापर्यंत पळून आले होते. अनवाणी. कुठंच दुखलं नाही. लई भारी वाटलं, आबा.