वैनगंगेत सोडलेला मेणाचा ठोकळा

दवनीवाडा. श्रावण शु. २, शके १९३०.
ज्याच्या कृपेने क्रोधातही लेखणी ढळत नाही, त्या नारायणास नमन करून लिहितो. नात रेणुकेच्या मेंदूतील गाठ नागपुरास काढली. पेशींचा अहवाल आला: ॲस्ट्रोसायटोमा, श्रेणी चौथी. सर्वांत घातक. गाव अंत्यदर्शनास यावे तसे लोटले आहे. रेणुका ओट्यावरून विचारते, "काऊन आले सारे? मी मरून राहिली का?" कोणी हसले नाही. मीही नाही.

शु. ५.
नागपूरच्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी गाठीच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पेशी विक्राळ, पण काहींत चरबी भरलेली. विभाजन जवळपास नाही. वय कोवळे, गाठ पृष्ठभागाशी. म्हणाल्या, हा विरळा प्रकार असावा. नाव प्लिओमॉर्फिक झँथोॲस्ट्रोसायटोमा. रूप राक्षसाचे, चाल संथ. तसे ठरल्यास तूर्त किरणोपचार नकोत. खात्रीसाठी पेशींना खास रंग देऊन पाहावे लागेल. त्याकरिता गाठीचा तुकडा ज्यात बसवतात तो मेणाचा ठोकळा हवा. काचांसोबत घरी आलाच होता.

शु. ६.
ठोकळा नाही! माझा धाकटा भाऊ मारोती याने हळदकुंकू वाहून वैनगंगेत सोडला.
"जित्या पोरीचं मांस घरात कायले ठेवाचं, दादा? शास्त्रात चालत नाही."
कोणत्या शास्त्रात? माझे आयुष्य ग्रंथांत गेले. असे वचन कोठे आढळले नाही. स्वतःच्या भीतीला धर्म म्हणणारी ही जात! म्हटले, "पोरीचा एकुलता साक्षीदार बुडवलास." तो रडला. अश्रूंवर रंग चढत नाहीत.

शु. ९.
पहिल्या रुग्णालयास फोन. "सब दे दिया आपको." दिले, हो! पेढ्यांसारखे पिशवीत बांधून. आत काय, का जपायचे, एक अक्षर नाही. सोमवारी किरणोपचार सुरू व्हायचे. पुनःपुन्हा विनवले, तेव्हा कपाट पाहतो म्हणाले.
रेणुका: "आबाजी, सोमवारले जाचं का नाही, तेवढं सांगा. मंग रागवा."


शु. ११.
दुसरा ठोकळा कपाटात सापडला. तुकडा अगदी लहान. रंगास पुरेल की नाही, बाईंना शंका. सोमवार तूर्त टळला. ठोकळा तिकडून बाईंकडे कोणी न्यावा? रेणुका म्हणते, "लहाने आबाजीलेच पाठवा. आता ते नदीकडं पाहणार बी नाहीत." मारोती सकाळपासून चपला घालून पायरीवर बसला आहे.
हे जे कोणी वाचतील त्या सर्वांची मस्तके निरामय राहोत. आणि त्यांच्या घरी, विचारल्यावाचून, कोणी काही पाण्यात न सोडो.