हुंकार द्यायला कुणीतरी

कोपर, डोंबिवली पश्चिम

प्रिय समू,

मोड आलेले वाल कोमट पाण्यात घातलेत. सोलायला बसले की तुझी आठवण येते, म्हणून आधी पत्रच लिहायला घेतलं. फोनवर तू ‘बरी आहे गं आजी’ म्हणतेस आणि ठेवून देतेस.

तुमच्या ठाण्यातल्या कोपरीच्या घरात सदा टीव्ही आणि पाहुणे, म्हणून तू कॉलेजातून थेट आमच्याकडे यायचीस. चार घास खायचीस आणि ते तुझं रसायनशास्त्र मोठ्याने वाचायला लागायचीस. समोर आजोबा वाल सोलत हुंकार द्यायचे, गोष्ट सांगणाऱ्याला देतात तसा. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण तुझा आवाज अडखळला की त्यांचा ‘हं’ यायचा नाही. मग तू हसत पुन्हा पहिल्यापासून सांगायचीस.

शेवटच्या वर्षाला दिपेशने तुला ठाण्यातल्या एसी अभ्यासिकेत घातलं. आजोबांना म्हणाला, “बाबा, तुमच्या हं-हंमुळे तिचं लक्ष उडतं.” बापच तो, पोरीच्या भल्याचंच बघत होता. तिथे ओठ हलवलेलेसुद्धा चालत नाहीत, हे तूच सांगितलेलंस. तुझं जेवण सुटलं, कॉफी वाढली, झोप उडाली. वाचलेलं दुसऱ्या दिवशी आठवेना. इकडे आजोबा संध्याकाळी वालाचं ताट घेऊन नेहमीच्याच जागी बसायचे, आणि मध्येच त्यांच्या तोंडून ‘हं’ निघायचा. मी वर बघायचे नाही.

ते गेले तेव्हा तुझा फोन अभ्यासिकेच्या कपाटात होता. तू पोचलीस तोवर त्यांना नेलं होतं. पुढे परीक्षेला बसलीस आणि कोरा पेपर देऊन आलीस. फोन आत न्यायचा नाही हा तिथला नियम, त्यात तुझं काय चुकलं गं? आणि ते तुझ्यावर रुसले नव्हते. आदल्या संध्याकाळी त्यांनीच वाल भिजवलेले, रविवारी तू येणार म्हणून.

काल तुझ्या आईने सांगितलं, तू परत परीक्षेला बसायला नाही म्हणतेस. म्हणून हे पत्र. तू ये. पोटभर जेव, घटकाभर पड, मग पुस्तक काढ. मी चौथी शिकलेली, पुढचं सगळं पेपर वाचून. हुंकार द्यायचा काल प्रयत्न करून पाहिला, तुझ्या रिकाम्या खुर्चीपुढे. निघालाच नाही. तू वाचायला लागलीस की येईल.

तुझीच,
रतनआजी